शिरूरचा गोरा 'सत्पुरुष': वॉलेस साहेबाच्या कबरीमागची गोष्ट

शिरूर म्हणजे घोडनदीला कर्नल विल्यम वॉलेसची कबर बघायला जाणार असाल तर आधी हे माहीत असलेलं बरं, कारण ही नुसती इंग्रज अफसराची कबर नाही, लोकांनी तिची पूजा केलीये.

सुरुवात होते वसईच्या तहापासून. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने तहावर सही केली आणि कंपनीची तैनाती फौज पदरात घेतली (खरंतर गळ्यात). या फौजेची छावणी पुढे शिरूरला पडली, पुणे-नगर रस्त्यावर, म्हणजे पेशव्यांवर नजरही राहते आणि निजामाकडची वाटही हातात. जागा निवडणारा माणूस हुशार होता एवढं मानायलाच हवं.

वॉलेस ७४ व्या रेजिमेंटचा. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाताखाली मराठ्यांविरुद्ध लढला, तिथे त्याच्या रेजिमेंटची अक्षरशः कत्तल झाली. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकरांशी युद्ध पेटलं तेव्हा चांदवड घेणारा हाच. शेवटी शिरूरच्या फौजेचा प्रमुख झाला आणि १८०९ मध्ये तिथेच वारला.

आता खरी गंमत. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर सांगतं की ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर आणि आसपासच्या गावांतले सगळे हिंदू या कबरीला भजतात, त्याला सत्पुरुष म्हणतात आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवतात. मरून ७६ वर्षं झालेली तरी!

काही जण यावरून लगेच 'बघा, साहेब किती लोकप्रिय होता' असं म्हणतात, ते मला काही पटत नाही. आपल्याकडे म्हसोबा, वेताळ, वीरगळ, वाटेत मेलेला अनोळखी माणूस, ज्याच्या आत्म्याची भीती वाटते त्यालाही नैवेद्य असतोच, पीक नीट घरात यावं म्हणून, त्यात एक टोपीवाला वाढला इतकंच. दिल्लीवर हल्ला करताना १८५७ मध्ये मेलेल्या निकल्सन या इंग्रज अफसरालाही पंजाबात जिवंतपणीच भक्त मिळाले होते, पण तो प्रकार वेगळा, तिथे पंथच निघाला होता, इथे शेतकऱ्याचा सरळ हिशोब होता.

आणि हो, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीचा कॅप्टन स्टाँटन कोरेगावच्या लढाईआधी तिकडे निघाला तो याच छावणीतून, पण त्या लढाईशी वॉलेसचा संबंध नाही, तो आठ वर्षं आधीच गेलेला, तेवढी गल्लत करू नका.