डिमेन्शिया: चालण्याचा गट वेगळा, बौद्धिक चालनेचा गट वेगळा

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं की डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि उठता उठता सांगतात, "त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा." मग घरात शोधाशोध सुरू होते. एक जण म्हणतो, बागेत सकाळचा चालणाऱ्यांचा ग्रुप आहे, तिथे पाठवा. दुसरा सांगतो, अमुक ठिकाणी डे केअर आहे, तिथे गाणी, खेळ, गप्पा असतात. दोन्हीकडे पाच-सात माणसं जमतात आणि दोन्हीला 'अ‍ॅक्टिव्हिटी' असंच म्हटलं जातं. त्यामुळे जे जवळ आणि परवडणारं असेल ते ठरतं.

या दोन गटांची कामं वेगळी आहेत, आणि आपल्या अपेक्षा बहुतेक वेळा उलट्या जागी असतात. चालून स्मरणशक्ती परत येईल अशी आशा आपण धरतो आणि गप्पा-खेळांना वेळ घालवण्याचं साधन समजतो. आजवरचे चांगले अभ्यास जवळजवळ याच्या विरुद्ध दिशेने बोट दाखवतात.

चालण्याबद्दलची आशा येते कुठून ते आधी पाहू. २०११ साली अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास खूप गाजला. आठवड्यातून तीन दिवस भराभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. बातमी खरी होती. पण त्या १२० जणांपैकी कुणालाही डिमेन्शिया नव्हता, आणि हा तपशील बातमीतून फॉरवर्डमध्ये जाईपर्यंत गळून पडतो. निरोगी माणसाचा धोका कमी करणं आणि सुरू झालेला आजार मागे नेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आजार झालेल्यांवरची मोठी चाचणी इंग्लंडमध्ये झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सौम्य ते मध्यम डिमेन्शियाची ४९४ माणसं होती. काहींनी चार महिने आठवड्यातून दोनदा गटात बऱ्यापैकी जोराचा व्यायाम केला: स्थिर सायकल आणि वजनं. त्यांचा दम वाढला, सहा मिनिटांत ती जास्त अंतर चालू लागली. आकलन आणि स्मृतीची घसरण मात्र थांबली नाही. वर्षाअखेरीस व्यायाम करणाऱ्यांचे गुण इतरांपेक्षा किंचित वाईटच होते.

मग चालणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. फिनलंडमध्ये अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या आणि घरीच राहणाऱ्या २१० जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला. काहींच्या घरी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येत असे, काही जण केंद्रात जाऊन गटात व्यायाम करत, आणि बाकीच्यांना नेहमीचीच सेवा मिळत होती. नेहमीची सेवा घेणारे वर्षात सरासरी तीनदा पडले. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत हा आकडा दोनच्या खाली राहिला. या वयात एका पडण्याने खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच बदलतं, म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो. कपडे घालणं, आंघोळ, खुर्चीतून उठणं ही रोजची कामं सगळ्यांचीच हळूहळू अवघड होत गेली, पण घरी व्यायाम करणाऱ्यांची घसरण स्पष्टपणे मंद होती. केंद्रातल्या गटाचा फायदा तेवढा ठाम दिसला नाही.

आता दुसरा गट. 'कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी', थोडक्यात सीएसटी, ही पद्धत इंग्लंडमध्ये आखली गेली. पाच ते आठ माणसं, पाऊण तासाचं सत्र, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, म्हणजे एकूण १४ सत्रं. प्रत्येक सत्राला एक विषय असतो: बालपण, खाणं, आवाज ओळखणं, चालू घडामोडी, पैसे, शब्दखेळ. गट स्वतःचं नाव ठरवतो, आपलं एक गाणं निवडतो, आणि सुरुवातीला मऊ चेंडू एकमेकांकडे टाकत नावं घेतली जातात. २००३ साली २०१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्मृती-आकलनाच्या चाचण्यांत आणि जगण्याच्या समाधानात, दोन्हीत सुधारणा दिसली. ती लहान होती, पण अल्झायमरच्या तेव्हाच्या गोळ्यांच्या परिणामाशी तुलना करण्याइतकी होती. आज इंग्लंडमधल्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी असा गट सुचवतात. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेने ही पद्धत तमिळ भाषकांसाठी बदलून घेतली आहे, म्हणजे आपल्याकडच्या घरांना ती परकी राहील असं मानायचं कारण नाही.

या पद्धतीचा गाभा म्हणजे, माहिती विचारायची नाही, मत विचारायचं. "सकाळी काय खाल्लंत?" या प्रश्नाला बरोबर उत्तर एकच असतं, आणि ते आठवलं नाही की माणूस सगळ्यांसमोर उघडा पडतो. "मिसळीबरोबर पाव हवा की ब्रेड?" यावर कुणीच नापास होत नाही. पुण्याचा, कोल्हापूरचा आणि नाशिकचा माणूस एकत्र बसला असेल तर पुढची पंधरा मिनिटं मदतनिसाला तोंड उघडावं लागणार नाही. त्या वादात शब्द शोधावे लागतात, समोरच्याचं ऐकावं लागतं, आठवण आपोआप वर येते. चालना मिळते ती इथे.

म्हणूनच पाढे म्हणून घेणं, सुडोकूची पुस्तकं पुढ्यात ठेवणं, नातवंडांची नावं पाठ करून घेणं हे या गटाचं काम नव्हे. त्याला बौद्धिक प्रशिक्षण म्हणतात, आणि सौम्य ते मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून ते देऊ नये असं 'नाइस'ने स्पष्ट लिहिलं आहे. आवड म्हणून कुणी सुडोकू सोडवत असेल तर खुशाल सोडवू द्यावं. पण रोज संध्याकाळी आईची परीक्षा घेणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ते बघवत नाही.

एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. सीएसटी गटाशिवाय, घरच्या एका माणसासोबत करता येईल का, हेही तपासलं गेलं. २०१७ मध्ये आलेल्या त्या चाचणीत रुग्ण आणि काळजी घेणारी व्यक्ती अशा ३५६ जोड्या होत्या. दोघांमधलं नातं सुधारल्याचं रुग्णांनी सांगितलं, पण आकलनात फायदा दिसला नाही. म्हणजे व्यायाम घरी जास्त उपयोगी पडला, तर बौद्धिक चालनेला इतर माणसं लागली. पायांचा व्यायाम त्या घराच्या पायऱ्यांवर, त्या बाथरूमच्या उंबऱ्यापाशी करून घेता येतो. मत मांडायला मात्र मत नसलेलं किंवा वेगळं मत असलेलं कुणीतरी समोर हवं, आणि मुलगी किंवा सून रोज ते होऊ शकत नाही.

निवड करताना आधी अडचण काय आहे ते बघा. तोल जातो, दिवसभर एकाच खुर्चीत बसणं होतं, रात्री झोप नाही, संध्याकाळी बेचैनी वाढते, तर चालणं आधी. बोलणं आटलंय, चारचौघांत गप्प बसतात, 'मला काही समजत नाही' म्हणून उठून जातात, तर दुसरा गट आधी. दोन्ही जमलं तर उत्तमच.

आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेले हास्यक्लब बागांमध्ये रुजले आहेत. तिथे जाणं चांगलंच, पण ते गट डिमेन्शियासाठी आखलेले नसतात. पुढचे लोक झपाझप निघून जातात आणि मागे राहिलेला माणूस वळणावर चुकतो. डिमेन्शियासाठीच्या चालण्यात वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, एक जण पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे असतो, रस्ता रोज तोच असतो, वाटेत बसायला बाक आणि स्वच्छतागृह असतं. खिशात नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड असावं. पावसाळ्यात निसरड्या फरसबंदीऐवजी एखादा हॉल किंवा सोसायटीचं पार्किंग आधीच बघून ठेवावं. सुरू करण्याआधी हृदय, रक्तदाब, साखर आणि चपलांचे तळवे तपासून घ्यावेत.

केंद्र बघायला जाल तेव्हा एक सत्र पूर्ण बसून पाहा. टीव्ही लावून सगळ्यांना रांगेत बसवलंय का, की माणसं एकमेकांशी बोलताहेत? मदतनीस उत्तरं दुरुस्त करतो का? आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईंना 'बाई' म्हणतात, की सरसकट 'ए आजी'? आणि घरी आल्यावर "आज काय केलंत?" असं विचारू नका. सत्र आठवत नसेल, तरी त्याचा उपयोग वाया गेलेला नसतो. त्या संध्याकाळी बोलणं वाढतं का, जेवण नीट जातं का, पुढच्या वेळी निघताना कुरकुर कमी होते का, एवढं महिनाभर वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्या.