ग्राफिक्स कार्डाचे तापमान : देखरेख आणि नियंत्रण (ग्वाल्हेरच्या संदर्भात)

डेस्कटॉप संगणकातले ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) काम करताना किती तापते हे मोजत राहणे आणि ते तापणे कार्डाला सोसेल इतके राखणे, ही दोन कामे या नोंदीत एकत्र घेतली आहेत. त्यामागचे विज्ञान सगळीकडे एकच आहे. पण मे-जूनमध्ये ४५ अंशांपुढे जाणारा पारा, दुपारची लू, संध्याकाळची आंधी आणि घरोघरी खिडकीला लावलेला पाण्याचा कूलर यांमुळे ग्वाल्हेरात त्याचा हिशेब पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा मांडावा लागतो. लष्कर भागातल्या मराठी घरांत गेम खेळणारी, व्हिडिओ संपादन करणारी आणि थ्रीडी शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना मिळणारे सल्ले मात्र बहुधा थंड देशांत किंवा एसीच्या खोलीत बसून लिहिलेले असतात. खाली दिलेले सर्व अंश सेल्सिअसमधले आहेत.

उष्णतेची वाट

कार्ड जेवढी वीज खाते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॅटचे, आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचे, तर आरटीएक्स ४०९० तब्बल ४५० वॅटचे. थंडीत आपण दोन कांड्यांचा हीटर लावतो, त्यातली एक कांडी साधारण ४०० वॅटची असते. म्हणजे ४०९० वर जोराचे काम चालू असेल, तर टेबलाखाली एक कांडी पेटलेलीच आहे असे समजावे.

ही उष्णता कार्डावरच्या मुख्य चिपमधून थर्मल पेस्टमध्ये (चिप आणि धातू यांच्यामधला लेप), तिथून तांब्याच्या तळात, हीटपाइप म्हणजे उष्णता वाहणाऱ्या नळ्यांमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत (तळ, नळ्या आणि पाती मिळून हीटसिंक) आणि पंख्याच्या वाऱ्याने कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या पेटीत येते. कॅबिनेटमधून ती खोलीत जाते. एखादा दुवा कच्चा असला की मागचे सगळे तुंबते. त्यातला शेवटचा दुवा म्हणजे खोली, आणि नेमका तोच विसरला जातो. कार्ड स्वतःभोवतीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, मग पंखा कितीही मोठा असो.

१९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ वर एक छोटा पंखा पुरत असे. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका गोंगाट करी की लोकांनी त्याला धूळ ओढणाऱ्या यंत्राचे नाव दिले. खरा बदल पुढे झाला. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने चिपचा वेग आपोआप चढवण्याची सोय आणली आणि २०१३ च्या टायटन कार्डापासून त्या वेगाला तापमानाचे लक्ष्य जोडले. तेव्हापासून तापमान हे नुसते धोक्याचे चिन्ह राहिलेले नाही. कार्ड थंड असेल तर ते जास्त वेगाने चालते आणि तापू लागले की स्वतःच पाय मागे घेते.

काय मोजायचे आणि कशाने

विंडोज १० च्या मे २०२० च्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्येच कार्डाचे तापमान दिसते. सहज नजर टाकायला ते पुरेसे आहे, पण तिथे चिपचा एकच आकडा मिळतो. जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये बाकीचे सेन्सरही दिसतात. एचडब्ल्यूइन्फो तर किमान, कमाल, सरासरी असे रकाने दाखवतो आणि सगळे फाइलमध्ये उतरवूनही ठेवतो. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडा हवा असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम वापरतात. लिनक्सवर एनव्हिडियाच्या कार्डासाठी टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा आहे, आणि एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या नव्या कार्डांचे तापमान सेन्सर्स या आज्ञेने कळते.

आकडे तीन पाहावेत. पहिला चिपचा साधा आकडा. दुसरा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवर विखुरलेल्या अनेक सेन्सरांपैकी त्या क्षणी सर्वांत तापलेल्याचा. तिसरा मेमरीचा. पहिल्या दोघांत १० ते २० अंशांचे अंतर स्वाभाविक आहे. ते ३० च्या पुढे गेले तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही, असा संशय घ्यावा. मेमरीचा आकडा फार जणांच्या लक्षात राहत नाही. २०२० च्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोचून कार्डाचा वेग पाडते, आणि त्या वेळी चिप ७० वर शांत दिसत असते. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा वापरणाऱ्याला दिसतच नाही. दोष ओळखण्याची एक सोपी खूण त्यामुळे हातची गेली, ही खेदाची गोष्ट आहे.

जीपीयू-झेडमध्ये आणखी एक मोलाची ओळ असते, परफकॅप रीझन. कार्डाने वेग का आवरला हे ती सांगते. तिथे विजेच्या मर्यादेची खूण असेल तर काळजी नाही, ते रोजचेच आहे. तापमानाची खूण दिसली तर मात्र उपाय शोधायला हवा.

किती म्हणजे जास्त

एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांचे मूळ लक्ष्य ८३ अंशांचे असते. कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आरटीएक्स ३०६० ला ९३ आणि ४०९० ला ९० आहे. एएमडीने २०१९ मध्ये आरएक्स ५७०० मालिकेबद्दल स्पष्ट केले होते की हॉटस्पॉट ११० पर्यंत जाणे अपेक्षित आहे. तेव्हा ८० पाहून घाबरायचे कारण नाही. ६० ते ८० मध्ये कार्ड खुशाल चालू द्यावे.

पण या शहरात एकटा आकडा फसवतो. जानेवारीच्या पहाटे इथे पारा ५ अंशांच्या आसपास येतो, मेमध्ये भिंतीसुद्धा रात्रभर गरम लागतात. तेच कार्ड, तेच काम आणि तोच पंखा असताना आकड्यात २० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून इथे जपायचा आकडा वेगळा आहे : कार्डाचे तापमान वजा खोलीचे तापमान. समजा, डिसेंबरात खोली १६ आणि कार्ड ६२ आहे, म्हणजे अंतर ४६. मेमध्ये कूलर लावलेली खोली ३० आणि कार्ड ७६. अंतर तेच, म्हणजे कार्ड ठणठणीत आहे. पण ऑक्टोबरात खोली २८ असताना कार्ड ८४ दाखवू लागले तर अंतर ५६ झाले. ८४ हा आकडा मर्यादेत असला तरी वाढलेले १० अंश कुठेतरी अडकले आहेत, आणि बहुतेक वेळा ते धुळीत सापडतात.

ही तुलना खरी ठरण्यासाठी दर वेळी काम तेच हवे आणि पंख्याचा वेगही तेवढाच बांधलेला हवा, उदाहरणार्थ ६० टक्के. नाहीतर पंखा आपोआप जोर धरतो आणि बिघाड झाकून टाकतो. पंधरा-वीस मिनिटे थांबून, आकडा स्थिर झाल्यावर नोंद घ्यावी. भिंतीवरचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवला की झाले. महिन्यातून एकदा वहीत चार रकाने भरणे एवढेच हे काम आहे, आणि या नोंदीतला सर्वांत उपयोगी सल्ला तोच.

कूलर, आंधी आणि धूळ

उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की पाण्याचा कूलर कमाल करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या जाळीतून आलेली हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. कार्डासाठी हा मोठाच दिलासा आहे. दमट हवेने कार्डावर पाणी धरेल अशी भीती अनेकांना वाटते. ती चालू संगणकाबाबत खरी नाही, कारण चालू कार्ड खोलीपेक्षा गरमच असते आणि पाणी धरते ते थंड वस्तूवर. खरा धोका तुषारांचा. पंप जोरात असला किंवा जाळी नवी असली की कूलर बारीक थेंबही फेकतो. ते पाणी जड असेल तर थेंब सुकल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. त्यामुळे कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, बाजूला ठेवावे, आणि खोलीची दुसरी खिडकी उघडी असावी. पावसाळा लागला की कूलरचा प्रभाव संपतो. खोली ३३-३४ वर अडून बसते, म्हणून कार्डाची खरी परीक्षा मेपेक्षा जुलैत होते.

आंधीची धूळ पिठासारखी बारीक असते. कोरडी असताना ती फुंकरीने उडते. कूलरच्या दमट हवेत मात्र ती पात्यांच्या फटीत चिकटते आणि तिचा नमद्यासारखा थर बनतो. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो. पंखा सोडवून विजेरीचा उजेड आत टाकला की पात्यांच्या तोंडाशी करडी पट्टी दिसते, आणि नखाने उचलली तर ती अखंड निघते. म्हणून साफसफाई दिवाळीपर्यंत लांबवू नये. एकदा जूनअखेरीस, आंध्या संपल्यावर, आणि एकदा दिवाळीत करावी.

ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडले तर ते मर्यादेपेक्षा जोराने फिरून बेअरिंग खराब होते, शिवाय फिरणारी मोटर उलट वीजही निर्माण करते. मोठी धूळ गच्चीत किंवा अंगणात काढावी. घरातला व्हॅक्यूम क्लीनर कार्डावर थेट लावू नये, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते.

कॅबिनेट आणि पंखे

पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ काम होते. समोर सलग काच असलेली कॅबिनेटे दुकानात छान दिसतात, पण या हवामानात ती घेऊ नयेत. जाळीचे तोंड घ्यावे आणि आतली गाळणी दर पंधरवड्याला धुवावी. बंद झडपेच्या टेबलात कॅबिनेट कोंबण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कार्ड तिथे स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत राहते.

बरीच नवी कार्डे ५०-६० अंशांपर्यंत पंखा बंदच ठेवतात. पंखा फिरत नाही म्हणून कार्ड दुरुस्तीला नेणारे लोक भेटतात, त्यांनी आधी हे तपासावे. कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याची रेघ आफ्टरबर्नरमध्ये आपल्याला हवी तशी आखता येते.

व्होल्टेज उतरवणे

अंडरव्होल्टिंग हा फुकटचा आणि उन्हाळ्यात सर्वांत गुणकारी उपाय. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच वेग १.०५ व्होल्टऐवजी ०.९ व्होल्टवर टिकला, तर चिपच्या कामाची वीज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. एएमडीच्या ॲड्रेनलिन या प्रोग्रॅममध्ये ही सोय आतच आहे. पायरी पायरीने उतरावे आणि प्रत्येक पायरीवर एक-दोन तास खेळून पाहावे. पडदा गोठला तर एक पायरी वर यावे. ज्याला एवढा खटाटोप नको त्याने पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणावी. वेगाचे नुकसान त्या मानाने थोडेच होते.

पेस्ट आणि पॅड

साफसफाईनंतरही कार्ड आणि खोली यांतले किंवा चिप आणि हॉटस्पॉट यांतले अंतर उतरले नाही तरच कार्ड उघडावे, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचाव्यात. चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे सैल करतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) काढण्याआधी त्यांची जाडी मोजून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. प्रस्तुत लेखकाचे एक कार्ड दुरुस्तीहून परत आले तेव्हा मेमरी थंड होती, पण हॉटस्पॉट चिपपेक्षा ३५ अंश वर. उघडल्यावर कळले की १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचे पॅड लावले होते आणि त्यांनी हीटसिंक अर्धा मिलिमीटर उचलून धरला होता. चिपवर पेस्टचा ठसा एकाच बाजूला उमटलेला होता, दुसरी बाजू चकचकीत. योग्य जाडीचे पॅड बसवल्यावर हॉटस्पॉट आणि चिप यांतले अंतर १४ वर आले.

जुळणी झाल्यावर लगेच घेतलेला आकडा अंतिम धरू नये. पेस्ट दोन-चार वेळा तापून थंड झाल्यावर नीट पसरते. आठवड्याने, पंखा त्याच ६० टक्क्यांवर बांधून, पुन्हा मोजावे आणि वहीत त्या तारखेपुढे 'पेस्ट बदलली' एवढे लिहून ठेवावे.