ट्यूनर आणि तानपुरा: युकुलेली लावताना कोणाचं ऐकायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं युकुलेली, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घेतलेली मुलं मोबाईलवर दोन ॲप उतरवून घेतात, ट्यूनर आणि तानपुरा. दोन्ही सुरासाठीच म्हणून एक असलं की पुरे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही.

ट्यूनर तार ऐकतो आणि ती चढली की उतरली ते डोळ्यांना दाखवतो. तानपुरा काहीच दाखवत नाही. तो षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवतो, तार जुळली की नाही हे कानालाच ओळखावं लागतं. म्हणून मोबाईलमधला असला तरी तानपुरा जुन्या तालमीच्याच बाजूचा. मिरजेचा तंबोरा घरी नसेल तर तोच लावावा.

युकुलेलीच्या चार तारा जी, सी, ई, ए. पांढरी एकला, म्हणजे पेटीवरच्या सी सुराला, षड्ज धरला तर प, सा, ग, ध. आता ट्यूनरवर चारही तारा हिरव्या करा, म्हणजे त्याच्या हिशेबानं सुरात आणा, आणि पांढरी एकचा तानपुरा सुरू करा. सा बसतो, प जवळजवळ बसतो, गंधार मात्र थोडा चढा लागतो. बिघाड कशातच नाही. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग धरतो, आणि त्या हिशेबातला गंधार तानपुऱ्यात मिसळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट वर असतो. अर्ध्या सुराचे 100 भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट. धैवताचंही तसंच.

मग गंधाराची तार उतरवून तानपुऱ्यात मिसळावी का? उतरवून बघाच, मोकळी तार फार गोड लागते. पण तिच्याच तिसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) बोट ठेवा. तिथला पंचम मोकळ्या जी तारेशी एकरूप व्हायला हवा, तो आता उतरलेला लागेल. पडदे ठोकून बसवलेले, ते सरकत नाहीत. त्यामुळं कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर, वाजवायचे तर ट्यूनरचंच मानावं, आणि सूर ओळखायला शिकायचं तर तानपुऱ्यापुढं बसावं.

माझ्या मते नवशिक्यानं ट्यूनर आधी उघडूच नये. पेटीवरून सी तार लावा. तिच्या चौथ्या पडद्यावर ई मिळेल, ईच्या तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए. सगळं कानानं लावून झालं की मग ट्यूनरवर तपासा. नायलॉनच्या नव्या तारा पहिले काही दिवस ताणून उतरत राहतात, म्हणजे हा सराव आपोआपच रोज घडतो.

 

भजनाला वाद्य नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. ट्यूनर बहुधा ए हा सूर 440 हर्ट्झचा (सेकंदाला 440 कंपनांचा) धरून चालतो, जुनी पेटी तिथं असेलच असं नाही. ट्यूनर हिरवा आणि पेटीशी बेसूर, असं झालं तर पेटीचं ऐका. तिचे सूर त्या बैठकीत बदलता येत नाहीत, युकुलेलीच्या खुंट्या फिरवता येतात.