द्राख्मा, देनारियस आणि लिब्रा : वजनांच्या रूपांतरामागचा गुंता

ग्रीक-रोमन वजनांच्या बहुतेक कोष्टकांत ‘1 द्राख्मा = 1 देनारियस’ अशी एक ओळ असतेच; द्राख्मा हे ग्रीकांचे चांदीचे नाणे आणि वजनही, देनारियस हे रोमचे चांदीचे नाणे. ती खरी आहे, पण वहीत. तराजूवर ती बराच काळ खोटी होती, आणि ज्या काळात खरी ठरली त्या काळातला द्राख्मा अथेन्सचा राहिलेला नव्हता.

ग्रीक बाजूची चौकट ठाऊक असतेच: 6 ओबोलचा द्राख्मा, 100 द्राख्म्यांची मिना, 60 मिनांचा टॅलेंट. प्रमाण हे असले तरी वजन शहरागणिक वेगळे. अथेन्सचा द्राख्मा साधारण 4.3 ग्रॅम, एजिनाचा 6 ग्रॅमच्या थोडा वर. कॉरिंथचा स्टेटर 8.6 ग्रॅमचा, म्हणजे अथेन्सच्या दोन द्राख्म्यांइतकाच, पण तिथे त्याचे तीन द्राख्मे करीत. म्हणून नुसते ‘द्राख्मा’ लिहून रूपांतर करता येत नाही. कोणत्या मानाचा, हे आधी ठरवावे लागते. अलेक्झांडरनंतर अथेन्सचे मान पूर्वेकडे सर्वत्र पसरले, तेव्हा हा त्रास थोडा कमी झाला.

रोमची पद्धत उलटी. तिथे एका नाण्याचे वजन ठरवण्याऐवजी एका लिब्रातून (रोमन पौंडातून) किती नाणी पाडायची ते ठरे. देनारियस इ.स.पू. 211 च्या सुमारास 72 ला एक लिब्रा या दराने सुरू झाला, थोड्याच काळात 84 वर आला, आणि इ.स. 64 च्या सुधारणेत 96 वर. अशा नाण्यांत सुट्या नाण्याचे वजन वरखाली होणारच. एकूण संख्या लिब्राला जुळली की टांकसाळीचे काम झाले. एकच देनारियस तोलून त्यावरून लिब्रा काढू नये, ते याचसाठी.

खरा गुंता सुरू होतो इ.स.पू. 188 च्या अपामियाच्या तहापासून; हा तह रोमने हरवलेल्या सेल्युकिड राजा तिसऱ्या अँटायोकसशी केला. खंडणी 12,000 अ‍ॅटिक (म्हणजे अथेन्सच्या मानाचे) टॅलेंट, आणि एक टॅलेंट 80 रोमन लिब्रांपेक्षा कमी भरता कामा नये, अशी त्यात अट आहे. ग्रॅमची मदत न घेता यातून पूर्ण रूपांतर निघते. मिना बसते 16 उन्सियांची (उन्सिया म्हणजे लिब्राचा बारावा भाग), आणि 75 द्राख्मे म्हणजे एक लिब्रा. त्या वेळच्या 84 च्या देनारियसशी ताडून पाहा: एक द्राख्मा = 1.12 देनारियस, चार द्राख्म्यांचे नाणे = 4.48 देनारियस. एका टॅलेंटवर वहीतला हिशेब 6,000 देनारियसचा, तर वजनाचा 6,720 चा. बारा टक्क्यांची ही तफावत खंडणीत लहान नाही. रोमने वजनाची अट घातली ती उगाच नव्हे.

तरीही त्याच काळातल्या एका विजययात्रेचे वर्णन करताना एक रोमन इतिहासकार चार द्राख्म्यांच्या अ‍ॅटिक नाण्यात ‘जवळपास तीन देनारियस’ चांदी असल्याचे सांगतो. साडेचारच्या जागी तीन! यावर बरेच वाद झाले. सर्वांत पटणारा खुलासा असा की लेखकाने स्वतःच्या काळातला आशिया प्रांताचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या रोमन प्रांताचा) दर मागच्या काळाला लावला. तिथले सिस्टोफोरस हे हलक्या मानाचे चार द्राख्म्यांचे नाणे सुमारे 12.6 ग्रॅमपासून सुरू झाले आणि पुढे तीन देनारियसला चाले. नाव तेच, नाणे दुसरे. हे वाक्य तक्त्यात उतरवून घेणाऱ्यांनी अ‍ॅटिक मान विनाकारण पाव हिश्श्याहून अधिक खाली ओढले.

इ.स. 64 नंतर देनारियस 96 वर आला आणि त्याचे ठरलेले वजन 3 स्क्रुपुलम, म्हणजे उन्सियाचा आठवा भाग झाले. हिशेबातला द्राख्मा त्याच्याबरोबर खाली सरकला. वैद्यकीय ग्रंथांत हाच हलका द्राख्मा रुजला. त्या हिशेबाने टॅलेंट 80 ऐवजी साडेबासष्ट लिब्रांचा होतो. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतल्या ड्रॅम-औंसाच्या मापातही ‘तीन स्क्रुपल एक ड्रॅम, आठ ड्रॅम एक औंस’ हा क्रम तिथूनच आला. मात्र तो ड्रॅम 3.888 ग्रॅमचा, कारण त्याचा औंस वेगळा. 84 च्या देनारियसशी (3.9 ग्रॅम) तो जुळतो तो निव्वळ योगायोग.

ग्रॅमचे आकडे एकोणिसाव्या शतकातले. तेव्हा लिब्रा 327.45 ग्रॅम धरला गेला आणि दोन दशांश स्थळांसह तो कोष्टकांत बसला. नंतरच्या मोजणीत 322 ते 324 हे आकडे पुढे आले. प्रजासत्ताककालीन नाण्यांसाठी 324 पुष्कळदा वापरतात. तहाची अट लावली तर 327.45 मधून द्राख्मा 4.37 ग्रॅम येतो, 324 मधून 4.32. अथेन्सची चांगल्या अवस्थेतली घुबडाची नाणी 17.2 ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे द्राख्मा 4.3. कल धाकट्या आकड्याकडे आहे, हे उघड आहे. पण द्राख्म्यावरून लिब्रा आणि त्याच लिब्रावरून पुन्हा द्राख्मा काढला तर पुरावा एकच उरतो, दोन नव्हे. अनेक प्रकाशित कोष्टकांत नेमके हेच झाले आहे.

आता गणकयंत्रे हे सगळे एका ओळीत देतात, आणि चुकांचे मूळही तिथेच. मान आणि काळ न विचारता आकडा देणाऱ्या यंत्रावर विसंबू नये. आधी 75, 84 की 96 ते ठरवून लिब्राच्या अपूर्णांकांत हिशेब करावा, ग्रॅम शेवटी. नाण्यांच्या ढिगावरून मान काढायचे असेल तर सरासरी घेऊ नये. झिजलेली आणि तांब्यावर चांदी मढवलेली खोटी नाणी ती खाली खेचतात. सर्वाधिक नाणी ज्या वजनाभोवती जमतात, ते वजन घ्यावे. ब्रिटिशकालीन सूच्यांत, भारतातल्यासुद्धा, वजने ग्रेनमध्ये आहेत (1 ग्रेन = 0.0648 ग्रॅम). तिथला 265 म्हणजे 17.2 ग्रॅमचे अ‍ॅटिक नाणे. पश्चिम क्षत्रपांच्या दोन-सव्वादोन ग्रॅमच्या चांदीच्या नाण्यांनाही या सूच्या द्राख्मा म्हणतात, पण त्यांचे मान हिंदी-ग्रीक राजांनी हलके केलेले आहे. अ‍ॅटिक कोष्टक तिथे लावले तर उत्तर जवळपास दुप्पट येते.