पंख्याचा स्पीड २० टक्के कमी केला तर वीज जवळपास अर्धी का लागते?

कारखान्यांचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं म्हटलं की लगेच सोलर पॅनल, हायड्रोजन, हवेतला कार्बन पकडणारी मशिन्स असं सगळं सुरू होतं. ते हवंच, विरोध नाही. पण आत्ता जी वीज जळतेय ती जाते कुठे हे आधी बघा ना. उद्योगांना लागणाऱ्या विजेपैकी साधारण दोन तृतीयांश वीज मोटरी खातात आणि त्यातल्या ढीगभर मोटरी पंप, पंखे, ब्लोअर नाहीतर कॉम्प्रेसर फिरवत असतात.

जुनी मोटर काढून भारीतली बसवली की झालं काम, असा एक गैरसमज आहे. ११ किलोवॅटची चार पोलची मोटर घ्या, आयई३ ची कार्यक्षमता ९१.४ टक्के आणि आयई४ ची ९३.३ (आयई म्हणजे मोटरच्या कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तितकी मोटर भारी). फरक दोन टक्क्यांच्याही आत. खरी उधळपट्टी मोटरच्या पुढे आहे. पंखा घेताना सगळ्यात जास्त लोडचा विचार करून मोठा घेतात, वर थोडी मार्जिन ठेवतात, मग हवा जास्त व्हायला लागली की डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा बंद, आणि पंप असेल तर व्हॉल्व्ह आवळतात. मोटर मात्र फुल स्पीडने पळतेच आहे आणि तिने तयार केलेलं प्रेशर त्या फटीत घासून उष्णता होऊन वाया जातंय.

त्याऐवजी पंखाच हळू फिरवला तर? इथे जे होतं ते मला प्रचंड आवडतं. स्पीड कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण प्रेशर कमी होतं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात (शाळेतलं अर्धा एम व्ही वर्ग आठवा). आणि पॉवर म्हणजे प्रेशर गुणिले प्रवाह, म्हणजे वर्ग गुणिले वेग, म्हणजे घन! स्पीड ८० टक्के केला तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२, पॉवर जवळपास अर्धी. स्पीड निम्मा केला तर फक्त साडेबारा टक्के. सायकल जोरात मारताना थोडासाच स्पीड वाढवायला एवढा दम का लागतो, तर तिथेही हवेशी झगडताना हाच घन असतो.

आकड्यात बघू. डॅम्पर लावून ८० टक्के हवा देणारा पंखा २७ किलोवॅट घेतोय आणि स्पीड कमी केल्यावर १७ घेतो असं धरा, वर्षाला ६००० तास चालला तर ६०,००० युनिट वाचले. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे एका पंख्यामागे ६० टनांच्या आसपास.

स्पीड कमी करायचं काम व्हीएफडी म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, थोडक्यात ड्राइव्ह करतो. इंडक्शन मोटरचा स्पीड सप्लायच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, चार पोलच्या मोटरचं फिरतं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला १५०० आरपीएम आणि ४० ला १२००. ड्राइव्ह आधी एसीचं डीसी करतो, मग आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचं एसी परत बनवतो, आणि व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो (५० हर्ट्झला ४०० तर ४० ला ३२०), नाहीतर मोटरच्या लोखंडात चुंबकीय फ्लक्स इतका वाढेल की कोअर सॅच्युरेट होऊन मोटर उगाच तापेल.

पण हा नियम डोळे मिटून लावू नका. पंप पाणी उंच टाकीत चढवत असेल तर ती उंची स्पीडबरोबर कमी होत नाही, तिथे घनाचा फायदा बराच घटतो. आणि मोटर कायम फुल लोडवरच लागणार असेल तर ड्राइव्ह स्वतःच दोन-चार टक्के खाईल, उलट तोटा. म्हणूनच 'प्लग लावा, बिल ४० टक्के कमी' म्हणून विकतात त्या डब्यांचा मला राग येतो. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर असतो, त्याने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खरोखर कामाला किती येतो ते) सुधारेल पण मोटर करत असलेलं काम कसं कमी होईल?

सगळा कार्बन विजेतून येत नाही हेही खरं. सिमेंटच्या भट्टीत १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, तिथे ड्राइव्ह काही करू शकत नाही. पण त्याच भट्टीतला गरम वायू ओढणारे पंखे मोठ्या प्लांटमध्ये मेगावॅटच्या घरात असतात, आणि त्यातला एखादा जरी अजून डॅम्परवर चालत असेल तर सुरुवात तिथून करायला हवी.