बंद केल्यावर लहान, की मुळातच लहान? खिशातल्या वहीसाठी दोन तऱ्हांची फाउंटन पेने

कावेको कंपनीचे स्पोर्ट आणि पेलिकान कंपनीचे एम३०० ही दोन फाउंटन पेने टोपण लावून शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच जातीची आहेत असे कोणालाही वाटेल. पहिले साधारण १०.५ सेंटिमीटर लांब आहे, दुसरे ११ च्या आसपास. दोन्ही हलकी आहेत आणि ९ बाय १४ सेंटिमीटरच्या खिशातल्या वहीपेक्षा आखूड आहेत. फरक कळतो तो टोपण काढून लिहायला बसल्यावर, आणि छोट्या वहीसाठी पेन निवडताना तोच फरक सर्वांत आधी पाहायला हवा असे माझे मत आहे.

पहिल्या तऱ्हेचे पेन फक्त बंद असताना लहान असते. त्याचे टोपण लांब आणि दांडा आखूड असतो, त्यामुळे टोपण मागे लावल्याखेरीज ते पेन पुरे होत नाही. स्पोर्टचा नुसता दांडा जेमतेम १० सेंटिमीटर भरतो आणि त्याचे टोक अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात नीट टेकत नाही, पण टोपण मागे बसवले की तेच पेन १३ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि कोणत्याही नेहमीच्या पेनासारखे हातात बसते. दुसऱ्या तऱ्हेचे पेन, जसे एम३००, म्हणजे मोठ्या पेनाची प्रमाणात लहान केलेली प्रत. लांबीबरोबर दांड्याची जाडी, बोटांनी धरायचा भाग आणि निबसुद्धा त्याच हिशेबाने बारीक झालेली असते. इथे पहिल्याला पॉकेट पेन आणि दुसऱ्याला मिनी पेन म्हणू. विक्रेते मात्र ही नावे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात, तेव्हा वेष्टनावरच्या नावापेक्षा टोपण मागे लावून पाहिलेले बरे.

या दोन तऱ्हा वेगवेगळ्या गरजांतून आल्या आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत टोपणाच्या डोक्यावर कडी असलेली छोटी पेने साखळीत किंवा फितीत ओवून गळ्यात अडकवली जात. त्यांना शोभेच्या वस्तूइतके नाजूक दिसायचे होते आणि मिनी पेनाचा वंश तिकडचा आहे. पॉकेट पेनाचा जन्म खिशात झाला. कावेकोने ‘स्पोर्ट’ हे नाव १९११ पासून वापरले ते जाकिटाच्या खिशात मावणाऱ्या पेनासाठी. जपानमध्ये १९६० च्या दशकात शर्टाच्या खिशापुरती पेने करण्याची चढाओढ लागली आणि पायलट या जपानी कंपनीच्या १९६८ मधील एलिट एस या पेनाने लांब टोपण व आखूड दांडा ही रचना घरोघर पोहोचवली. त्याच कंपनीने १९७१ मध्ये म्यू हे पेन काढले, ज्यात निब आणि धरायचा भाग एकाच अखंड पोलादाचा होता. कंपनीच्या ९५ व्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, एलिटची ९५एस ही आवृत्ती आली. बंद असताना ती १२ सेंटिमीटरच्या थोडी आत असते आणि टोपण मागे लावल्यावर साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास जाते.

आता वहीकडे वळू. खिशातली वही बहुतेक वेळा टेबलावर नसतेच. ती डाव्या हाताच्या तळव्यावर असते, लिहिणारा उभा असतो आणि दोन ओळी लिहून त्याला वही मिटायची असते. अशा वेळी पहिली अडचण टोपणाची येते. मिनी पेनाचे टोपण मागे न लावता लिहायचे ठरवले, तर ते ठेवायचे कुठे? वही धरलेल्या हाताच्या दोन बोटांत अडकवले की वही डगमगते आणि खिशात टाकले की पुढच्या वेळी ते चाचपत बसावे लागते. पॉकेट पेनाचे टोपण मागे लावावेच लागत असल्याने हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. मात्र सगळी पॉकेट पेने सारखी चपळ नसतात. एलिटचे टोपण नुसते ओढून निघते आणि मागे सरकवून बसते. स्पोर्टचे टोपण आटे फिरवून काढायचे आणि मागे नुसते दाबून बसवायचे असते. कावेकोच्याच लिलिपुटमध्ये, जे बंद असताना १० सेंटिमीटरपेक्षाही आखूड आहे, टोपण आधी फिरवून काढायचे आणि मग पुन्हा फिरवूनच मागे बसवायचे. टेबलाशी बसून हे करताना मजा वाटते, पण समोरचा माणूस फोन नंबर सांगत असेल तेव्हा ती मजा उरत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. छोट्या पानाच्या तळाशी पोहोचल्यावर मनगटाला आधार उरत नाही, हात वहीबाहेर लटकतो आणि पेनाचा तोल बोटांनाच सांभाळावा लागतो. प्लास्टिकचे स्पोर्ट सुमारे १० ग्रॅमचे असल्याने तिथे काहीच जाणवत नाही. पितळी स्पोर्ट ४० ग्रॅमच्या पुढे जाते आणि त्याचे जड टोपण मागे लावले की शेवटच्या तीन ओळींत अक्षर मागे कलू लागते. माझे पितळी पेन म्हणूनच घरच्या टेबलावर राहते, जरी दिसायला ते सर्वांत देखणे असले तरी. मिनी पेन या बाबतीत उजवे ठरते. त्याचा सगळा भार निबेजवळ असतो आणि लहान हाताच्या माणसाला टोपण मागे न लावताही त्याने आरामात लिहिता येते. पण धरायचा भाग बारीक असल्याने पाऊण पान लिहून होताच बोटे आवळली जातात. खिशातल्या वहीत एका बैठकीला पाऊण पान क्वचितच लिहिले जाते, हे मात्र मिनी पेनाच्या बाजूने सांगायला हवे.

वह्यांमध्येही अशीच एक फसवी जोडी आहे. ‘पॉकेट’ आकार म्हणजे साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर. फील्ड नोट्सची मधल्या घडीवर पिना मारलेली ४८ पानी वही आणि मोलस्किनची पुठ्ठ्याच्या बांधणीची छोटी वही याच आकाराच्या आहेत. ए६ हा कागदाच्या आंतरराष्ट्रीय मापांपैकी एक असून तो १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचा असतो. उंचीतला फरक नगण्य आहे, पण रुंदीतला दीड सेंटिमीटर शर्टाच्या खिशाला जाणवतो, आणि एकाचे आवरण दुसऱ्याला बसत नाही. माझ्या अनुभवात पॉकेट आकाराच्या मऊ वहीबरोबर पॉकेट पेन शोभते, आणि टेबलावर उघडून लिहायच्या ए६ रोजनिशीबरोबर मिनी पेनाचे जमते. रोजनिशीच्या कडेला शिवलेल्या पेनाच्या बंदात एम३०० किंवा एलिटसारखे सडपातळ पेन सहज जाते. स्पोर्टचे टोपण मात्र जाड आणि अष्टकोनी असते. ते टेबलावरून घरंगळत नाही हा त्याचा गुण, आणि बऱ्याच बंदांत शिरत नाही ही अडचण.

यानंतर कागद, जिथे लांबीपेक्षा निबेचा ओलावा, म्हणजे ती किती शाई सोडते, हे महत्त्वाचे ठरते. फाउंटन पेन वापरणारे नव्या माणसाला लगेच ‘चांगला’ कागद घ्यायला सांगतात, आणि त्यांच्या मते चांगला कागद म्हणजे ज्यावर शाई फुटत नाही आणि मागच्या बाजूला उमटत नाही असा. याचा संबंध कागदाच्या वजनाशी जोडला जातो तो चुकीने, कारण शाई अडवण्याचे मुख्य काम कागदाला दिलेली खळ, म्हणजे शोषण कमी करणारा लेप, करते. तोमोए रिव्हर हा जपानी कागद चौरस मीटरला अवघा ५२ ग्रॅम असूनही ओल्या निबेची शाई पृष्ठभागावर धरून ठेवतो, आणि त्याहून बरेच जाड कागद त्याच शाईने केसाळ रेषा देतात. परंतु शाई पृष्ठभागावर राहिली की ती उशिरा वाळते. उभ्याने दोन शब्द टिपून वही लगेच मिटणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण दोष होऊन बसतो, कारण समोरच्या पानावर त्या शब्दांचे उलटे प्रतिबिंब छापले जाते. म्हणून खिशातल्या वहीसाठी थोडा शोषणारा, साधा कागद मला जास्त पसंत आहे. फक्त त्याच्यावर निब बारीक आणि शाई कोरडी वाहणारी हवी. जपानी पेनांची ‘फाइन’ निब युरोपीय ‘फाइन’पेक्षा साधारण एक पायरी बारीक रेषा काढते, त्यामुळे त्याच कागदावर एलिट स्वच्छ चालते आणि युरोपीय मध्यम निबेचे पेन पानामागे ठिपके उमटवते. देवनागरी लिहिणाऱ्याला तर बारीक निब आणखी एका कारणाने हवी. छोट्या वह्यांत ओळींमधले अंतर बहुधा ५ ते ६ मिलिमीटर असते, आणि तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार व खालच्या ओळीची वेलांटी दोन्ही मावायची असतात. रुंद निबेने ती एकमेकांत मिसळतात आणि रफार तर दिसेनासाच होतो.

शाई किती मावते, हाही दोन तऱ्हांमधला खरा फरक आहे. स्पोर्ट आणि लिलिपुटमध्ये आखूड आंतरराष्ट्रीय मापाचे कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेली बदलायची नळी, बसते, ज्यात पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई असते, आणि नेहमीच्या लांबीचा कन्व्हर्टर, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, बाटलीतून शाई ओढणारी नळी, त्यांत जात नाही. एलिटमध्ये पायलटचे स्वतःचे कार्ट्रिज सुमारे ०.९ मिलिलिटर शाई देते, पण कॉन-४० हा छोटा कन्व्हर्टर घातला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. बाटलीतली शाई हवी असेल, तर रिकामे कार्ट्रिज सुईच्या पिचकारीने पुन्हा भरणे हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. एम३०० मध्ये पिस्टन असतो. तो बाटलीतून थेट शाई ओढतो, पण बाहेर असताना शाई संपली तर बाटली शोधावी लागते. पॉकेट पेनवाला अशा वेळी वहीच्या मागच्या खणातून कार्ट्रिज काढतो आणि पुढे लिहू लागतो.

काही लोक प्लास्टिकच्या स्पोर्टचा दांडाच शाईने भरतात. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावले की तो गळत नाही आणि शाई दोन कार्ट्रिजांहून जास्त मावते. पण शाई कमी होत गेली की दांड्यात हवा वाढते, शरीराच्या उबेने ती प्रसरण पावते आणि उरलेली शाई निबेतून थेंबाने बाहेर ढकलते. शर्टाच्या खिशात राहणाऱ्या पेनासाठी ही युक्ती मी सुचवणार नाही. कार्ट्रिजवर असतानाही पेन निब वर ठेवूनच बाळगावे. इथे क्लिपचा उपयोग समजतो. एम३०० आणि एलिटला ती मुळातच असते, तर स्पोर्ट आणि लिलिपुटला सहसा वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती नसेल तर पेन खिशाच्या तळाशी आडवे पडते. मग जिना चढताना बसणारे हेलकावे टोपणात शाईचे शिंतोडे उडवतात, आणि पुढच्या वेळी टोपण मागे लावले की तेच शिंतोडे दांड्याच्या टोकावरून बेचक्याला लागतात. मिनी पेन टोपण मागे न लावता वापरणाऱ्याचा हात या एका प्रसंगी स्वच्छ राहतो.