बेसिनखाली ठिबकतंय? आम्हाला बोलावण्याआधी एवढं बघा

बेसिनखालची फरशी ओली दिसली की लोक आम्हाला फोन करतात, आणि दहातले आठ जण एकच सांगतात, "पाइप फुटलाय." आम्ही हत्यारांची पिशवी घेऊन विश्रामबागेतून कुपवाडपर्यंत जातो आणि बघतो तर पाइप धडधाकट. आतला रबरी वायसर तेवढा चपटा होऊन कडक झालेला. काम दहा मिनिटांचं, पण येण्याजाण्याचे पैसे लावावेच लागतात आणि ते मागताना आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून हे पत्रक.

पाणी कुठलं?

बेसिनखाली दोन पाणी असतात, नळाला येणारं आणि नळीतून जाणारं. येणारं पाणी दाबाचं. अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ) किंवा कनेक्शन पाइप (त्यातून बेसिनच्या नळाला जाणारी नळी) गळत असेल तर बेसिन कुणी वापरो न वापरो, ठिबक चालूच राहते. जाणारं पाणी वापरल्यावरच गळतं. तरी शंका असेल तर सांगलीकराला सोपा उपाय आहे. बेसिनच्या तोंडाला बूच लावा, तांब्याभर पाण्यात चमचाभर हळद कालवून ओता आणि बूच काढा. खाली धरलेला पांढरा कागद पिवळा झाला तर गळती जाणाऱ्या पाण्याची. बेसिन लगेच धुऊन घ्या. साबण लागला की हळद लाल होते, तेव्हा घाबरू नका.

आता जागा शोधायची. इथंच सगळे फसतात. बेसिनखाली थोडं पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग म्हणजे ट्रॅप. थेंब लोंबतो ट्रॅपच्या बुडाला, म्हणून माणूस बूड आवळत बसतो. पण पाणी वर कुठंतरी सुटून पाइपच्या अंगानं खाली आलेलं असतं. सगळं कोरड्या फडक्यानं पुसा, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि बेसिन अर्धं भरून एकदम सोडा. सगळ्यात वरची जी पट्टी ओली होईल, तो जोड दोषी. खालच्या पट्ट्या काय, भिजणारच.

ट्रॅपचा जोड गळत असेल तर

हे काम घरी होतं. खाली बादली ठेवा. आधी नट हातानंच पाव वळसा आवळून बघा, कित्येकदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर नट सोडा, वायसर काढा आणि तोच खिशात घालून दुकानात या. "बेसिनचा वायसर द्या" म्हणून सांगितलंत तर आम्ही कुठला देणार? घरगुती बेसिनची लाइन बहुधा ३२ मिमीची म्हणजे सव्वा इंची असते, पण वायसर चपटा आहे की एका बाजूला निमुळता, हे बघितल्याशिवाय कळत नाही. निमुळता असेल तर निमुळतं टोक जोडाच्या तोंडात जायला हवं. उलटा बसला की कितीही आवळा, गळणारच. नट चढवताना आटे सरळ बसू द्या. सुरुवातीचे दोन-तीन वळसे हातानं सहज फिरले पाहिजेत. अडलं तर जोर न लावता मागं घ्या, वाकडे चढलेले आटे मरतात आणि मग ट्रॅपच बदलावा लागतो. प्लॅस्टिकच्या नटाला पाना लावूच नका.

एक गंमत सांगतो, कारण ती आमच्यावरही गुदरलेली आहे. ट्रॅप काढला की त्यातलं घाण पाणी कुठं ओतायचं? हात आपोआप वरच्या बेसिनकडं जातो. खाली ट्रॅप नाही हे पाय भिजल्यावर आठवतं! बादलीतच ओता. ट्रॅप निघालाच आहे तर खालची वाटी उघडून केस आणि साबणाचा गाळ काढून टाका. भिंतीतल्या पाइपात मात्र फडक्याचा बोळा घालून ठेवा, नाहीतर वास आणि झुरळं दोन्ही घरात येतील.

कपलिंग गळत असेल तर

बेसिनच्या भोकात बसवलेला जाळीचा तुकडा म्हणजे वेस्ट कपलिंग. बेसिन भरून ठेवल्यावर, पाणी सोडण्याआधीच खाली थेंब दिसला तर हे कपलिंग तपासा. त्याच्या अंगाला ओव्हरफ्लोच्या पाण्यासाठी भोकं असतात. तिथलं पाणी आट्यांमधून उतरत चेक नटपर्यंत, म्हणजे कपलिंग खालून आवळून धरणाऱ्या नटपर्यंत येतं. नुसता नट आवळून ते थांबेलच असं नाही. कपलिंग काढायचं, जुनं पांढरं सिमेंट खरवडायचं, वरच्या कडेखाली सिलिकॉन, बेसिनच्या बुडाला नवा जाड वायसर, आट्यांवर टेफ्लॉन टेप, असं नव्यानं बसवावं लागतं. हाताला सवय असेल तरच करा. चेक नट जास्त आवळला की चिनी मातीचं बेसिन तडकतं, आणि मग वायसरच्या खर्चाऐवजी बेसिनचा खर्च येतो.

एम-सील लावू नका. वस्तू चांगली आहे, पण तिची जागा ही नव्हे. ट्रॅप कधी ना कधी उघडायचा असतो. एम-सील थापलेला नट उघडत नाही, कापावा लागतो. ॲसिड ओतून नळी साफ करायची सवय असेल तर तीही सोडा. ते क्रोमचा मुलामा आणि खालचं पितळ दोन्ही खातं.

पन्हाळी प्लॅस्टिकचा वेस्ट पाइप असेल तर आडव्या घड्या बोटानं चाचपा. उंदरानं कुरतडलेलं भोक बहुतेक मागच्या, भिंतीकडच्या बाजूला सापडतं. त्याला टेप लावत बसू नका, पाइपच बदला.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी होतं आणि ज्यांनी तेव्हापासून ट्रॅप उघडलेला नाही, त्यांनी तो जोर लावून उघडू नये. आत गाळ बसून घट्ट झालेला असू शकतो आणि झटक्यानं भिंतीतला जोड हलतो. असं काम, भिंतीच्या आतली गळती आणि तडकलेलं बेसिन, एवढ्यासाठी आम्हाला जरूर बोलवा. नंबर बिलावर आहे. आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलात तर लागणारं सामान घेऊनच येतो. फोटो मात्र वरून बेसिनचा नको; मोबाइल खाली फरशीवर धरून वर बघत काढा.